तिसरा हात

टॉर्बेच्या पाण्यात नांगर टाकून पाच महिने झाले
तेव्हा आम्ही सहा रिकाम्या जहाजांचं एक गाव होतो.
रात्री सगळे दिवे चालू, आत माणूस नाही.
पेंटनच्या किनाऱ्यावरून लोक दुर्बिणी लावायचे.
पंधरा पाउंडांत होडीवाला फेरी मारून आणायचा
आणि कर्ण्यातून सांगायचा आमची लांबी, आमचं वय,
बाजारात म्हशीचे दात मोजून दाखवावेत तसं.

विक्रीची बातमी मेसच्या फळ्यावर आली,
मसूर-भात, त्याच्याखाली खडूने:
जहाज विकलं. टनावारी.
पियानो, झुंबरं, सातशे गाद्या, सगळं धरून.
इलियास परकार म्हणाला,
वजन आपण उतरायच्या आधी करणार की नंतर?
कुणी हसलं नाही. तोच हसला.

दुसऱ्या दिवशी बोसनने, रोमेलने,
मला पाळण्यात बसवून नाळेवरून खाली सोडलं.
घेणाऱ्याला नवं नाव हवं होतं
पण नव्या अक्षरांचा खर्च नको होता.
आमचं जहाज 'मेरीगोल्ड', म्हणजे झेंडू.
(चिमणीवर कंपनीने काढलेलं फूल
झेंडूसारखं कधीच दिसलं नाही.)
आठ इंग्रजी अक्षरं. पहिली चार ठेव, रोमेल म्हणाला,
मागची चार बुजव.
म्हणजे सोनं बुजव.

निळ्या रंगाची बादली, लांब दांड्याचा रोलर,
माझ्या उंचीचा ओ.
खाली होडी आली. तीत एकच बाई, पिवळा रेनकोट,
नाव तिने आपणहून सांगितलं, मिसेस ट्रेमलेट.
ओरडून म्हणाली, वर काय लिहिताय?
म्हटलं, लिहीत नाही.
मग तिने केबिनचा नंबर सांगितला, सहाशे चौदा.
दारावरची पितळी पट्टी मिळेल का?
ती कुणाबरोबर राहिली होती तिथे, मी विचारलं नाही.
म्हटलं, बाई, पट्टीसुद्धा वजनात गेली.
ती म्हणाली, चाळीस ग्रॅम असेल फार तर.
होडीवाल्याने घड्याळ पाहिलं.

दुपारपर्यंत जे उरलं
ते रोमेलच्या देशात पोरीचं नाव:
सेबूत त्याची मावसबहीण आहे, मारी, दातांची डॉक्टर.
मी वाचलं, मरी.

आमच्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे.
लाकडाचा, हातभर लांब. हिरवं लुगडं, लिंबं, बांगड्या,
एक पिल्लू पाय बांधून.
रातोरात शिवेपलीकडे लोटायचा
आणि मागे न बघता घरी यायचं.
पलीकडच्या गावाने उजाडायच्या आत
तो आणखी पुढे लोटायचा.
माझ्या आज्याला सात गावांपर्यंतची नावं पाठ होती.
आठव्याचं काय झालं विचारलं
तर म्हणायचा, तिथे आपली सोयरीक नव्हती.

या साथीत आम्हाला कोणत्याच बंदराने शिवेत घेतलं नव्हतं,
मार्चमध्ये तीन बंदरं फिरलो, तिन्हीकडे पोलिसांची बोट.
आता कागदावर एकाच गावाचं नाव आहे,
अलंग, गुजरात, आणि भरतीची तारीख.
तिथली माणसं ज्वाला घेऊन उभी असतील.
त्यांच्या पुढे कुठली शीव आहे
मला नकाशात सापडली नाही.

संध्याकाळी ऊन तिरकं झालं
आणि बुजवलेलं सगळं परत दिसायला लागलं.
अक्षरं नुसती रंगवलेली नसतात,
खाली वेल्डिंगचा काठ असतो,
बोटाला लागतो, जुन्या टाक्याच्या व्रणासारखा.
वरून रोमेल ओरडला, अजून एक हात मार.
तो तिसरा.

रात्री मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सहाव्या डेकवर गेलो.
सहाशे चौदाच्या दारावर दोन भोकं होती, पट्टी नव्हती.
शेजारच्या दारावरही नव्हती.
त्याच्या शेजारच्याही.
इलियासला विचारलं तर म्हणाला, मला काय माहीत,
पण चालताना त्याचा खिसा वाजत होता.